जपानचा रेल्वे पास घ्यावा का? रत्नागिरीहून केलेल्या नियोजनाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

टोकियो, क्योतो, हिरोशिमा आणि ओसाका एवढीच शहरं करायची असतील आणि हाताशी जेमतेम आठ-दहा दिवस असतील, तर संपूर्ण जपानचा जेआर पास, म्हणजे परदेशी पर्यटकांना जपान रेल्वेच्या (जेआर) गाड्यांतून ठरावीक दिवस हवं तितकं फिरू देणारा पास, घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण रत्नागिरी-चिपळूणकडच्या ओळखीच्या घरांतून जो कुणी जपानला निघतो त्याचा पहिला प्रश्न "पास कुठून घेतलास?" हाच असतो. कुठून घ्यायचा हा नंतरचा प्रश्न. आधी घ्यायचा का, ते ठरवू या.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. त्यानंतर याच आराखड्यावर माझे दीर-जाऊबाई मे महिन्यात जाऊन आले, आणि गुहागरची मैत्रीण सध्या तारखा जुळवते आहे. म्हणजे एकच वही काही महिने वेगवेगळ्या माणसांच्या हातून गेली आहे. म्हातारं माणूस बरोबर असताना काय होतं, लहान मूल असताना काय होतं, गर्दीच्या हंगामात काय होतं, हे सगळं पाहूनच लिहिते आहे.

पासची ओढ आपल्याला का वाटते, ते मला नीट कळतं. कोकण रेल्वेवर वाढलेल्या माणसाला तिकीट न मिळण्याची धास्ती असते. गणपतीचं आरक्षण उघडलं की काही मिनिटांत वेटिंग लिस्ट लागते, हे आपण दरवर्षी बघतो. त्यामुळे "एकदा पास घेतला की कटकट नाही" या जाऊबाईंच्या वाक्याला आमच्या घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. पण तिथली गोष्ट वेगळी आहे. टोकियो आणि ओसाकादरम्यान नोझोमी ही सर्वांत वेगवान गाडी गर्दीच्या तासाला साधारण डझनभर वेळा धावते. एक चुकली तर थोड्याच मिनिटांत दुसरी. म्हणजे ज्या भीतीपोटी आपण पास घेतो, ती भीती वर्षातले बहुतेक दिवस तिथे नसतेच. उरतो तो फक्त पैशाचा हिशेब.

तो हिशेब असा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जेआर पासचे दर एकदम वाढले. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांवरून ५०,००० वर गेला. जुने लेख आणि जुने व्हिडिओ बघून जे लोक "पास घ्याच" म्हणतात, ते या वाढीआधीचं सांगत असतात. तेव्हा ते खरंही होतं. आता टोकियो ते क्योतो नोझोमीचं आरक्षित तिकीट १४,१७० येन, क्योतो ते हिरोशिमा साडेअकरा हजारांच्या आसपास आणि हिरोशिमाहून परत टोकियो १९,७६०. अख्खा त्रिकोण पुरा करूनही बेरीज ५०,००० च्या खालीच राहते. शिवाय पास घेऊन नोझोमीत बसायचं तर टोकियो-क्योतोसाठी वर ४,९६० येन वेगळे मोजावे लागतात. नाहीतर हिकारी धरायची, जी जरा जास्त थांबते.

आणि टोकियोला परत जायचंच कशाला? माझ्या मते पासपेक्षाही महत्त्वाचा निर्णय हा आहे. विमानाचं तिकीट टोकियोत उतरून ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत निघण्याचं काढा. मुंबईहून सिंगापूर किंवा बँकॉकमार्गे असं तिकीट मिळतं, आणि आम्ही पाहिलं तेव्हा दोन्हीकडून टोकियोच धरण्यापेक्षा त्यात विशेष फरक नव्हता. परतीचा पाचशे किलोमीटरचा रेल्वेप्रवास वाचतो, त्याचे पैसे वाचतात आणि शेवटच्या दिवसाची धावपळही वाचते.

मग घ्यायचं काय? टोकियो ते क्योतो एक सुटं तिकीट, आणि पुढे जेआर वेस्ट या पश्चिम जपानच्या रेल्वे कंपनीचा कान्साई-हिरोशिमा एरिया पास. कान्साई म्हणजे ओसाका-क्योतोचा भाग. पाच दिवस, १७,००० येन. दोन्ही मिळून ३१,१७०. मोठ्या माणसामागे जवळजवळ १९,००० येन वाचले. येन साधारण ५५ ते ६० पैशांच्या घरात धरला तर हे दहा-अकरा हजार रुपये होतात. तीन मोठी माणसं असली की आमच्यासारख्या घराला हा आकडा लहान नाही. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे दर आहेत.

हा प्रादेशिक पास मला मनापासून आवडला. शिन-ओसाका (ओसाकाचं बुलेट ट्रेनचं स्टेशन) ते हिरोशिमा शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, त्यात येते आणि इथे नोझोमीला वरचे पैसे नाहीत. हिमेजीचा किल्ला वाटेत उतरून बघता येतो. नारा, फुशिमी इनारी, आराशियामा ही क्योतोच्या आसपासची ठिकाणं जेआरच्या साध्या गाड्यांनी होतात, तीही त्यातच. कान्साई विमानतळाला जाणारी हारुका गाडीही त्यातच. म्हणून पासचे पाच दिवस मोजायचे ते शेवटाकडून. परतीच्या विमानाचा दिवस हा पासचा पाचवा दिवस धरा आणि मागे या. हे दिवस कॅलेंडरचे असतात, २४ तासांचे नव्हेत. संध्याकाळी सुरू केलात तर पहिला दिवस तेवढ्यातच संपला. टोकियोच्या मेट्रोचं २४, ४८ किंवा ७२ तासांचं तिकीट मात्र पहिल्यांदा वापरल्यापासून तास मोजतं. ते दुपारी सुरू केलं तरी नुकसान नाही.

या पासची एक मेख ध्यानात ठेवा. क्योतो ते शिन-ओसाका हा शिंकान्सेनचा तुकडा दुसऱ्या कंपनीचा आहे, तो यात येत नाही. क्योतोहून साध्या जलद गाडीने साधारण २५ मिनिटांत शिन-ओसाकाला यायचं आणि तिथून शिंकान्सेन धरायची. माझ्या दिरांनी हे आधीच वहीत वाचलं होतं, त्यामुळे ते सरळ साध्या गाडीच्या फलाटावर गेले. त्यांच्या बरोबरचं एक कुटुंब गेटवर अडकलं आणि त्यांना वेगळं तिकीट काढावं लागलं.

हिरोशिमाच्या दिवसाबद्दल आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांना विशेष सांगायचं आहे. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावरच्या देवळाचं समुद्रातलं तोरी, म्हणजे ते लाल प्रवेशद्वार, भरतीच्या वेळी पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं आणि ओहोटीला त्याच्या खांबांपर्यंत चालत जाता येतं. त्यामुळे तिथे किती वाजता पोचायचं हे गाडीच्या वेळेवरून नाही, भरती-ओहोटीवरून ठरवा. तिथल्या भरतीच्या वेळा आधीच प्रसिद्ध होतात. सासूबाई दाभोळच्या. दाभोळ-धोपावे फेरीबोट त्यांच्या आयुष्याचा भाग, त्यामुळे तिथी विचारून त्यांनी पाणी केव्हा चढणार याचा अंदाज आदल्या रात्रीच बांधला होता, आणि दिवसाचा क्रम आम्ही त्यावरूनच लावला. सकाळी ओहोटीला खांबांजवळ, दुपारी चढत्या पाण्यात देवळाच्या लाकडी सज्जावर. मियाजिमागुची स्टेशनहून दोन कंपन्यांच्या बोटी सुटतात. पास चालतो तो जेआरच्या बोटीवर. बेटावर जाणाऱ्या प्रत्येकाकडून १०० येन कर घेतात, तो पास असला तरी द्यावा लागतो.

आता आरक्षण. शिंकान्सेनचं आरक्षण स्टेशनवर प्रवासाच्या एक महिना आधी जपानच्या सकाळी १० वाजता उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. स्मार्ट-ईएक्स या अ‍ॅपवर टोकियो-क्योतोचं तिकीट रत्नागिरीत बसून काढता येतं, जागा निवडता येते, आणि साधं तिकीट असेल तर गाडी सुटण्याआधी वेळ बदलायला पैसे लागत नाहीत. ही शेवटची सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. सासूबाईंचे गुडघे सकाळी कसे असतील हे महिनाभर आधी कुणी सांगू शकत नाही. आम्ही गाडी एका तासाने पुढे ढकलली ती हॉटेलच्या खोलीतूनच. क्योतोकडे जाताना ई क्रमांकाची खिडकी मागा. हवा स्वच्छ असली तर फुजी त्या बाजूला दिसतो. बिनआरक्षित डबे नोझोमीला २०२५ च्या मार्चपासून दोनच राहिलेत, तेव्हा कुटुंब असेल तर आरक्षण काढलेलंच बरं.

एका संकेतस्थळावर आमचं बँकेचं कार्ड वारंवार नाकारलं गेलं. दुसऱ्या बँकेचं चाललं. परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, हे निघण्याच्या बरंच आधी बघून ठेवा आणि दोन वेगळ्या बँकांची कार्डं जवळ असू द्या.

मे महिन्याच्या सुट्टीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कोकणातली बहुतेक कुटुंबं तेव्हाच निघतात. २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात जपानमध्ये गोल्डन वीक असतो. ऑगस्टच्या मध्यात ओबोन, आणि मग नवीन वर्ष. ओबोनला तिथली माणसं पूर्वजांसाठी गावाकडे जातात, अगदी गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात तशी. या तिन्ही काळात नोझोमीचे सगळे डबे आरक्षित असतात, आयत्या वेळी बिनआरक्षित तिकिटावर चढलात तर दाराजवळ उभंच राहावं लागतं. वर्षभर नसलेली ती भीती या दिवसांत खरी असते. दीर-जाऊबाईंना मी ७ मेनंतरच्या तारखा घ्यायला लावल्या. हॉटेलांचे दरही उतरले आणि गाड्यांतही ऐसपैस जागा मिळाली. जाता जाता, मे महिना म्हणजे आंबा. तिकडच्या ओळखीच्यांसाठी हापूसची पेटी न्यावी असं कुणालाही वाटेल. नेऊ नका. वनस्पती तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं विमानतळावर काढून घेतात.

सामानाकडे आपण फार दुर्लक्ष करतो. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर शिंकान्सेनमध्ये डब्याच्या मागच्या बाजूची, सामानाच्या जागेसह असलेली सीट आधी आरक्षित करावी लागते. ती सीट घ्यायला वेगळे पैसे नाहीत, पण न घेता बॅग घेऊन चढलात तर १,००० येन भरावे लागतात. घरी टेप लावून मोजा. आम्ही टोकियोहून मोठ्या बॅगा ताक्युबिनने, म्हणजे घरपोच सामानसेवेने, क्योतोच्या हॉटेलवर पाठवल्या. हॉटेलच्या काउंटरवरच फॉर्म भरून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी बॅगा पोचल्या. एका बॅगेला दोन-तीन हजार येन लागतात. सासूबाईंना हाताला धरून जिने-लिफ्ट करताना दोन्ही हात मोकळे असणं काय असतं, ते तिथेच कळलं. पासमधून वाचवलेल्या पैशातला काही भाग इथे खर्च करा असं मी प्रत्येकाला सांगते.

शहरातल्या फिरण्यासाठी सुइका किंवा इकोका या, पैसे भरून गेटवर टेकवायच्या कार्डांपैकी एक, माणशी एक. दोन्ही एकमेकांच्या भागात चालतात, बसमध्ये आणि छोट्या दुकानांतही. मात्र कार्ड टोकियोत टेकवून क्योतोत बाहेर पडता येत नाही. लांबच्या प्रवासाला वेगळं तिकीट लागतंच. कार्डात पैसे भरायला बहुतेक यंत्रांना रोख लागते. क्योतोच्या सिटी बसमध्ये शहराच्या मध्यवर्ती भागात अंतर कितीही असो, २३० येन. गर्दी मात्र प्रचंड. वयस्कर माणूस असेल तर जिथे जेआर किंवा मेट्रो जाते तिथे बस टाळाच. बसचा एक दिवसाचा पास आता बंद झाला आहे. मेट्रो आणि बस मिळून १,१०० येनांचा आहे, पण तो वसूल करायला दिवसभर फिरत राहावं लागतं.

माझी खरी तक्रार या वसूल करण्याच्या वृत्तीबद्दल आहे. सात दिवसांचा मोठा पास हातात असला की माणूस एका दिवसात तीन शहरं लावतो, कारण पैसे भरलेले असतात. दूरवर जायचंच असेल, म्हणजे टोकियोला राहून हिरोशिमा, कानाझावा आणि सेंदाई सात दिवसांत उरकायची असतील, तर तो पास परवडतो. तरुण मुलांनी खुशाल घ्यावा. घरच्या मंडळींना घेऊन जाणाऱ्यांनी आधी आपण कुठे रमणार आहोत ते ठरवावं.

वेळा शोधायला जपान ट्रॅव्हल हे नाविटाइमचं अ‍ॅप आणि गुगल मॅप्स, दोन्ही वापरा. पहिल्यात आपला पास निवडून त्यात बसणाऱ्या गाड्याच दाखवायला सांगता येतं. दुसऱ्यात फलाट क्रमांक, बाहेर पडायचं दार आणि पायऱ्या टाळणारा व्हीलचेअरचा मार्ग मिळतो. शिंजुकूसारख्या स्टेशनात हा शेवटचा पर्याय नसेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाचे हाल होतात.

या सगळ्या साखळीतली सर्वांत कच्ची कडी मात्र रत्नागिरी ते मुंबई ही आहे. पावसाळी वेळापत्रक असेल तर गाड्या आधीच संथ, त्यात एखादी दरड आली की सगळंच थांबतं. विमानाच्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायचा विचारसुद्धा करू नका. आदला मुक्काम मुंबईत, नाहीतर पनवेलला नातेवाईकांकडे. परतताना विमान उतरण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत निदान सहा तास ठेवा. कोकणकन्येचं परतीचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. जपानची सगळी तिकिटं नंतर काढली तरी चालतील, हे मात्र त्या दिवशी, त्या मिनिटाला काढा.