छोट्या काल्पनिक ब्रँच लाइनसाठी इंजिन: 44-टनर, एस-2, आरएस-1 की जीपी7?

खऱ्या रेल्वेचं हुबेहूब मॉडेल करणाऱ्याला इंजिनांची यादी आयती मिळते. काल्पनिक लाइनवाल्याला सगळा बाजार खुला, आणि मग दिसेल ते आवडायला लागतं. सहा फुटांच्या फळीवर पाच इंजिनं उभी आणि वाघिणी हलवायला जागा नाही, असे लेआउट पुष्कळ दिसतात. म्हणून इथे वरच्या चार अमेरिकन डिझेल इंजिनांच्या मॉडेलांतून आधी एकच निवडायचं आहे.

गृहीत धरू या: एचओ स्केल (1:87, रुळांतलं अंतर 16.5 मिमी), भिंतीलगतची अरुंद फळी, काळ 1955 च्या आसपासचा, जागा अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टसारखी. दूध, ग्रॅनाइट, लाकूड आणि पशुखाद्याची एखादी गिरणी.

पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नाहीच. ही लाइन कोणाची? मोठ्या रेल्वेची शाखा असेल तर इंजिन मालकाच्या शेडमधून येणार, म्हणजे जीपी7 किंवा आरएस-3 सारखं सर्वकामी. स्वतंत्र, कशीबशी तग धरून असलेली छोटी कंपनी असेल तर एखादं हलकं नवं इंजिन, नाहीतर कोणाचं तरी वापरलेलं. व्हर्मॉन्टच्या रटलंड रेल्वेने 1950 नंतरच्या काही वर्षांत वाफेची इंजिनं काढून आरएस-1, आरएस-3 आणि जनरल इलेक्ट्रिकचं एक 70-टनर घेतलं. तुमची यादी अशी खरी वाटेल इतपत बेताची असली की पुरे.

आता लांबी. चाळीस फुटी बंद वाघीण कपलरसकट साधारण 15 सेंमी भरते. 44-टनर पावणेबारा सेंमी, एस-2 सोळा, आरएस-1 आणि जीपी7 दोन्ही साडेएकोणीसच्या आसपास. शंटिंगसाठी टोकाला 48 सेंमी रूळ सोडला असेल, तर एस-2 दोन वाघिणी घेऊन सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या) पलीकडे मावतं. जीपी7 एकच घेऊन मावतं. म्हणजे त्याच गिरणीत त्याच वाघिणींची अदलाबदल करायला फेऱ्या दुप्पट. दुकानातल्या फोटोत हे कळत नाही. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या या मापाने कापून फळीवर सरकवून बघा, तासाभरात निकाल लागतो.

44-टनर दिसायला सगळ्यांत लाघवी: मधोमध केबिन, दोन्ही बाजूंना बुटकी हुडं (यंत्रावरची झाकणं), आत दोन छोटी डिझेल इंजिनं. त्याचं वजनही मुद्दाम बेतलेलं. अमेरिकन रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटनांच्या 1937 च्या करारानुसार चाकांवर 90,000 पौंड किंवा जास्त वजन पडणाऱ्या इंजिनावर ड्रायव्हरसोबत फायरमन ठेवणं भाग होतं. 44 टन म्हणजे 88,000 पौंड. एका माणसाचा पगार वाचवणारं इंजिन, गरीब लाइनला याहून समर्पक काय असणार? पण मॉडेल म्हणून ते हट्टी आहे. वजनाला हलकं, त्यामुळे चढावर चार-पाच वाघिणींतच दम लागतो. दोन बोग्या (चाकांचे संच) जवळजवळ, त्यामुळे सांध्याचा फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) प्लास्टिकचा असेल तर मंद वेगात ते तिथे अडखळतं. वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा कपॅसिटर बसवावा म्हटलं, तर बुटक्या हुडांत जागा शोधावी लागते. ते घ्यायचंच असेल तर सांधे आधीपासून वीज वाहणाऱ्या धातूच्या फ्रॉगचे लावा.

एस-2 हे आल्को या अमेरिकन कंपनीचं 1940 ते 1950 दरम्यानचं 1000 अश्वशक्तीचं शंटर. माझं मत याच्याच बाजूने. उंच हुडात मोटर, वजन, डिकोडर (इंजिनाला हुकूम पोचवणारी चिप), स्पीकर सगळं बसतं. 18 इंच त्रिज्येच्या वळणावर कुरकुर नाही. आणि कामाचं इंजिन म्हणून ते जुनं, तेलकट, रंग उडालेलं छान दिसतं. वापरलेलं विकत घेतलं अशी कथा जुळवायलाही सोपं. तोटा एकच: लांब मेन लाइनवर धावताना ते शोभत नाही. पण तुमच्याकडे मेन लाइन आहे कुठे?

आरएस-1 म्हणजे थोडक्यात त्याच जातीचं सहा सिलिंडरचं इंजिन लांब चौकटीवर, मागे एक आखूड हूड जोडलेलं. त्या हुडात डबे गरम ठेवायचा बॉयलर बसवता येई. वाघिणींमागे एक प्रवासी डबा जोडून मिश्र गाडी चालवायची हौस असेल तर हेच घ्या, मात्र शंटिंगची टोकं आधी लांबवा.

जीपी7 बद्दल फार सांगायला नको. 1949 ते 1954 या काळात अडीच हजारांवर बनलं, कुठेही खपतं, पुढची कितीतरी दशकं वापरात राहिलं. काळ कुठला घ्यायचा हे ठरत नसेल तर सुरक्षित, फळीवर मात्र अवजड. वाफेचं 2-6-0 (पुढे दोन, मधे सहा चाकांचं) इंजिन मोहक खरं, पण 1955 मध्ये ते का टिकलं याचं उत्तर हवं, आणि इंजिन फिरवायचं टर्नटेबल नसेल तर अर्धी फेरी टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) पुढे करूनच.

आवाजाचं एक. पुण्याच्या डिझेल शेडमुळे आपल्यापैकी अनेकांचा कान आल्कोला सरावलेला आहे, पण तो भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-2 इंजिनातल्या सोळा सिलिंडरच्या 251 या डिझेल यंत्राला. एस-2 आणि आरएस-1 मध्ये सहा सिलिंडरचं 539 हे यंत्र आहे, लय वेगळी, रेंगाळती. साउंड डिकोडरमध्ये 539 चीच ध्वनिफीत आहे ना, हे विचारून घ्या.

अमेरिकेतून कोणाकडून संच मागवत असाल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर 120 व्होल्टचा असतो, थेट आपल्या प्लगात घालू नका. रूळ पितळी नकोत, निकेल सिल्व्हरचे घ्या. कोकणातल्या दमट हवेत पितळेवर चढणारा थर वीज अडवतो आणि पुसत बसावं लागतं. इंजिन हाती आलं की सर्वांत कमी वेगावर प्रत्येक सांध्यावरून दोन्ही दिशांनी न्या. एस-2 या परीक्षेत पास झालं आणि तरी 44-टनर मनातून जात नसेल, तर ते दुसरं इंजिन म्हणून आणा आणि गिरणीच्या आवारापुरतंच ठेवा.