पीआरपीची पाच सिटिंग्ज, अकरा महिने आणि माझा भांग

विरळ झालेल्या केसांसाठी मी पीआरपी करून घेतलं, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सवाला द्रव टाळूत टोचून घ्यायचा. ओळखीतली प्रत्येक जण पहिला प्रश्न दुखण्याचाच विचारते. दुखतं. भूल देणारं क्रीम पाऊण तास थापून ठेवतात, तरी कपाळाच्या कडेला सुई टोचली की डोळ्यांत पाणी येतं. त्याहून विचित्र तो आवाज. सुई आत शिरताना करकर असं काहीतरी ऐकू येतं, बाहेरून नाही, डोक्याच्या आतून. पहिल्यांदा दचकलेच. चौथ्या सिटिंगला टोचे मोजत होते, साठाच्या पुढे नाद सोडला.

मी एकोणचाळीस वर्षांची, ठाण्यात राहते. दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला आणि अडीच-तीन महिन्यांनी पुंजकेच्या पुंजके हातात यायला लागले. तापानंतरचं गळणं बहुतेकदा आपोआप थांबतं, माझंही थांबलं. भांग मात्र रुंदच राहिला. लिफ्टच्या आरशात, वरच्या दिव्याखाली टाळूची कातडी चमकायची.

पहिल्या क्लिनिकमध्ये डॉक्टर भेटलेच नाहीत. पांढरा कोट घातलेल्या काउन्सेलर बाईंनी रक्ततपासणीचं नावही न काढता आठ सिटिंगचं पॅकेज पुढे केलं, साठ हजारांचं. आज भरलेत तर वीस टक्के सूट! साडीचा सेल आहे का हा? उठले आणि निघाले.

नंतर त्वचारोगतज्ज्ञ शोधल्या. त्यांनी आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड करून आणायला सांगितलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, निघालं ११, फारच कमी. शिवाय भांगाजवळचे केस मुळाशीच बारीक होत चालले होते, म्हणजे बायकांमधलं आनुवंशिक टक्कल. (आईचा अंबाडा कसा लिंबाएवढा झाला, ते तेव्हा कळलं.) लोहाच्या गोळ्या, रोज रात्री मिनॉक्सिडिल (टाळूला लावायचं केसवाढीचं औषध), आणि महिन्याच्या अंतराने पीआरपीची चार सिटिंग्ज, सहा महिन्यांनी एक बूस्टर. एका वेळेचे साडेपाच हजार. पाचांचे साडेसत्तावीस झाले, आणि विम्यात यातलं काही बसत नाही.

हातातून २० मिली रक्त काढतात आणि नळी यंत्रात गरगर फिरवतात. बाहेर येते तेव्हा तळाला लाल, मध्ये पांढुरकी बारीक रेघ आणि वर वितळलेल्या तुपासारखा पिवळा द्रव. जखम भरताना प्लेटलेट्स वाढीचे घटक सोडतात, त्यानेच केसांची मुळं जागी होतील अशी आशा असते. नळीवर आपलं नाव आहे ना आणि सुई आपल्यासमोर फोडली ना, एवढं बघाच. न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये असल्याच रक्ताच्या फेशियलमधून बायकांना एचआयव्हीची लागण झाली होती. पुढे-मागे काही दिवस आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालते. दुसऱ्या दिवशी माझं कपाळ सुजलं, तर आई म्हणाली, "गांधीलमाशी चावली का गं?" दोन दिवसांत उतरलं.

आता फरकाचं. पहिले दोन महिने गळणं उलट वाढलं. मिनॉक्सिडिलने सुरुवातीला तसं होतं हे सांगितलेलं होतं, तरी रडले. चौथ्या महिन्यानंतर न्हाणीघराच्या जाळीवरचा गुंता निम्म्यावर आला. आठव्या महिन्यात भांगाच्या कडेने आखूड, ताठ केस उभे राहायला लागले, तेल लावलं तरी बसत नाहीत. पूर्वी क्लचर दुपारपर्यंत घसरायचा, आता संध्याकाळपर्यंत टिकतो. पण कानशिलांवर जिथे कातडी गुळगुळीत झाली होती, तिथे काहीही उगवलेलं नाही. आहेत ते केस जाड झाले, इतकंच.

आणि हे पीआरपीमुळे झालं का? प्रामाणिकपणे, सांगता येत नाही. तिन्ही उपाय एकदमच चालू होते, फेरिटिनही आता ४८ आहे. गणपतीला गावी मिनॉक्सिडिलची बाटली विसरले, दहा दिवस खंड पडला, तेव्हा डॉक्टरांनी पीआरपीपेक्षा त्याचीच जास्त काळजी केली. त्यावरून मी काय ते समजले. मैत्रिणीला सांगताना मी रक्ततपासणी आणि औषध आधी सांगते, सुया नंतर, त्याही पैसे हाताशी असतील तरच.

चेहऱ्यावर एकदा केलं, मुरुमांच्या खड्ड्यांसाठी. दोन दिवस टोमॅटो, नंतर आठवडाभर बरं तेज, मग पहिल्यासारखंच. परत नाही करणार.

पुढचा बूस्टर एप्रिलमध्ये. क्लिनिकवाले फोटो काढतात, पण दर वेळी दिवा वेगळा. म्हणून मी दर महिन्याच्या एक तारखेला न्हाणीघरातल्या त्याच ट्यूबलाइटखाली, कोरड्या केसांचा फोटो लेकीकडून काढून घेते. मार्चचा फोटो बघून ठरवेन.