नेटला दोन स्टार, कारणांना पाच

डोंबिवलीत आमच्या गल्लीतल्या लोकल फायबरवाल्याचं कनेक्शन घेऊन वर्ष झालं, १०० एमबीपीएसचा प्लॅन. नाव लिहीत नाही, वायर अजून त्याच्याच हातात आहे. नेट ठीकठाक. पण नेट गेल्यावर त्यांचा वायरमन दादा जी कारणं देतो ना, त्याचे वेगळे पैसे लावले तरी मी भरीन.

पहिल्याच आठवड्यात विचारलं, १०० चा प्लॅन आणि डाऊनलोडला १२ च का दिसतंय? तर म्हणे सर, १८ टक्के जीएसटी जातो आणि उरलेलं तुमच्या जिन्याच्या वळणावर सांडतं. (प्लॅन मेगाबिटमध्ये, डाऊनलोड मेगाबाइटमध्ये, ८ ने भागलं की साडेबारा, हे मलाही माहितीये, पण जिना जास्त पटला.) गेम लॅग व्हायला लागला तर डेटाची पॅकेटं दिवा स्टेशनच्या रेल्वे फाटकात अडकलीत, फास्ट लोकलला आधी सोडतात. एकदा एकही साइट उघडेना तर म्हणे सर्व्हरचं वय झालं, त्याला पत्ते आठवत नाहीत, आणि डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) गुगलचा ८.८.८.८ टाकून दिलं तर चाललं की राव!

रोज रात्री साडेआठला वायफाय मान टाकायचं, त्यावर "शेजारच्या काकू पापड भाजतात". मी फोन ठेवून हसलो. मग बघितलं तर काकूंचा मायक्रोवेव्ह भिंतीपलीकडे बरोबर राउटरच्या पाठीला पाठ लावून, आणि मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर आणि आमचं वायफाय २.४ वर. ५ गिगाहर्ट्झवर टाकलं, पापड आणि मीटिंग दोन्ही सुरळीत.

पण कहर झाला तो सोमवारी. दर सोमवारी अकराच्या सुमारास फायबरच्या डब्यावर लाल एलओएस लाइट (म्हणजे सिग्नल गेला) लुकलुकायची, संध्याकाळी आपोआप बंद. दादाला सांगितलं तर थंडपणे म्हणाला, "सोमवारी चादरी धुता का?" आता मात्र माझं डोकं फिरलं, म्हटलं या आणि दाखवा. आला, सरळ गॅलरीत गेला. त्याचीच काळी वायर ग्रिलपासून खिळ्यापर्यंत ताणलेली, आणि आईने तिला दोरी समजून डबल बेडची ओली चादर टाकलेली, वर चार चिमटे. चादरीच्या वजनाने वायर खिळ्यापाशी पार काटकोनात मोडलेली. आत काच असते सर, म्हणाला, एवढी वाकली की उजेड बाहेर पळतो. चादर उचलली, लाल लाइट बंद. आई म्हणाली, मग दोरीसारखी बांधायची कशाला?

यावर त्याच्याकडे कारण नव्हतं, वर्षात पहिल्यांदाच. उद्या येऊन वायर भिंतीला क्लिपा मारून देतो म्हणाला, त्याला आता दोन महिने झाले. म्हणून दोन स्टार. सध्या सोमवारी आई बादली हातात घेऊन दारात उभी राहते आणि विचारते, तुझी मीटिंग संपली का रे?