नऊ खिशांचा झिपवाला कार्ड अल्बम, चार वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कार्डांचा नाही, कार्डं ज्यात ठेवतो त्या अल्बमचा आहे. स्पोर्ट्स कार्ड (खेळाडूंचे फोटो छापलेली, जमवायची कार्डं) म्हटलं की सगळे कुठलं कार्ड कितीला गेलं याच्यावरच बोलतात, पण मी शाळेत असल्यापासून कार्डं जमवतेय आणि एवढ्या वर्षांत माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं ते चुकीचं कार्ड घेतल्यामुळे नाही तर चुकीच्या अल्बममुळे, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

सुरुवात दादामुळे झाली. त्याने त्याचा 1990-91 चा फ्लीअर कंपनीच्या बास्केटबॉल कार्डांचा सेट मला दिला, 198 कार्डं, रबरबँड लावलेली. वरच्या आणि खालच्या कार्डाला कडेला रबराची खाच पडली होती, ती अजून तशीच आहे. ते वाचवायला म्हणून मी तेव्हा जो मिळाला तो अल्बम घेतला, मऊ, चकचकीत पानं, उघडला की नव्या प्लॅस्टिकचा उग्र वास यायचा. मला तो वास तेव्हा आवडायचा. तो वासच खरं तर धोक्याचा होता हे खूप उशिरा कळलं. ती पानं पीव्हीसीची होती. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ करायला त्यात प्लॅस्टिसायझर घालतात आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपत राहतो, पान तेलकट लागायला लागतं आणि कार्डावरच्या शाईला चिकटतं. मी काही वर्षांनी अल्बम उघडला तेव्हा तिसऱ्या पानावर, सगळ्यात खालच्या ओळीत मधलं कार्ड, 26 नंबर, मायकल जॉर्डन, काढायला गेले तर चर्र असा बारीक आवाज झाला आणि नखाएवढा शाईचा तुकडा प्लॅस्टिकबरोबर उचलून आला. खाली पांढरा पुठ्ठा. मी तिथेच थांबले, बाकीची कार्डं पान कात्रीने कडेकडेने कापून काढली, ओढून नाही. दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

त्यामुळे आता घेतलेल्या अल्बममध्ये मी पहिल्यांदा मटेरियल बघितलं. पानं पॉलिप्रॉपिलीनची, पीव्हीसी नाही, अॅसिड नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पॉलिप्रॉपिलीनला मऊ करायला प्लॅस्टिसायझर लागत नाही म्हणून झिरपायलाच काही नसतं. हात फिरवला तर किंचित खरखरीत लागतं, वास जवळपास नाहीच. चार वर्षांत एकही कार्ड चिकटलं नाही, दर सहा महिन्यांनी मी मुद्दाम दोन-चार काढून बघते.

रचना अशी की 20 पानं, प्रत्येक बाजूला 9 खिसे, म्हणजे 360 कार्डं. पानं आत शिवलेली आहेत, रिंग नाही, आणि हे मला फार आवडलं कारण गोल रिंगच्या बाइंडरमध्ये पानं नीट सपाट बसत नाहीत, पहिल्या आणि शेवटच्या पानावरची रिंगकडची कार्डं रिंगवर दाबली जातात आणि त्यांना हलका बाक येतो. रिंगचाच घ्यायचा असेल तर इंग्रजी डी सारखी रिंग असलेला बघा, त्यात पानं एका रेषेत राहतात. खिशाचं तोंड वर नाही, बाजूला आहे, आतल्या बाजूला. अल्बम उलटा धरला तरी कार्ड खाली पडत नाही, माझ्या भाचीने तो दोनदा उलटा करून हलवून बघितलाय.

कार्ड आत घालताना मात्र घाई करू नका. कार्डाचं स्टँडर्ड माप अडीच बाय साडेतीन इंच, आणि मी प्रत्येक कार्ड आधी पेनी स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ कव्हरमध्ये घालते, मग खिशात. स्लीव्हसकट खिसा टाइट होतो. स्लीव्हचं तोंड आणि खिशाचं तोंड विरुद्ध दिशेला ठेवायचं, म्हणजे धूळ आत जात नाही, आणि कार्ड कोपऱ्याला धरून नाही तर कडेच्या मधोमध बोटाने ढकलायचं. कोपरा खिशाच्या सीलला आपटला की तिथे पांढरा ठिपका पडतो आणि तो कशानेही जात नाही. पहिल्या आठवड्यात मी असे दोन कोपरे घालवले. साधी कार्डं 35 पॉइंट जाडीपर्यंत असतात (पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ती आरामात बसतात, पण जर्सीचा तुकडा बसवलेली जाड कार्डं, 130 पॉइंटची वगैरे, यात घालूच नका, खिसा ताणला जातो आणि शेजारच्या दोघांना पण दाब बसतो. त्यांना जाड टॉपलोडर (वरून उघडी, कडक प्लॅस्टिकची केस) नाहीतर मॅग्नेटवाली केसच लागते.

आता खरी तक्रार. पानाच्या मधे काळा थर आहे. त्यामुळे समोरून कार्डं झकास दिसतात, रंग उठून येतात, पण मागची बाजू दिसत नाही. आणि माझ्यासाठी कार्डाची मागची बाजू म्हणजे अर्धं कार्ड. मी मॅच बघायच्या आधी कार्डाच्या मागे वाचलंय की हा खेळाडू कुठल्या कॉलेजचा, उंची किती, कुठल्या सीझनला किती रिबाउंड. आकडे वाचायची सवय मला तिथूनच लागली. हे अल्बम बनवणारे लोक कार्डं कधी उलटी करून वाचत नाहीत का असं मनापासून वाटतं. पारदर्शक पानांचा पर्याय असायलाच हवा. मागचं वाचायचं तर प्रत्येक वेळी कार्ड बाहेर काढावं लागतं, आणि प्रत्येक वेळी काढण्यात कोपऱ्याची भीती आहेच.

दुसरी छोटी गोष्ट, झिप. चेन छान चालते, धूळ अजिबात जात नाही, पण पूर्ण भरल्यावर बाहेरच्या कोपऱ्याशी थोडी अडते, तिथे हळू ओढा. आणि अल्बम आडवा ठेवून त्यावर दुसरा ठेवू नका, पुस्तकासारखा उभा ठेवा, उन्हापासून लांब. हवा दमट असेल तर सिलिका जेलची पुडी कपाटात ठेवा, अल्बमच्या आत नको, तिचा फुगवटा कार्डावर उमटतो.

मग कोणी विचारेल की चांगली कार्डं ग्रेडिंगला, म्हणजे तपासून मार्क द्यायला पाठवून स्लॅबमध्ये (सीलबंद कडक केसमध्ये) का नाही ठेवत. ठेवते ना, काही ठेवलीत. पीएसए ही कंपनी 1991 पासून ग्रेडिंग करतेय, 1 ते 10 मार्क, कडक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, आणि विकायचं असेल किंवा खरं-खोटं ठरवायचं असेल तर त्याला तोड नाही. 1952 चं टॉप्स कंपनीचं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, ते अर्थात स्लॅबमध्येच होतं. पण त्याच सिरीजची न खपलेली खोकीच्या खोकी टॉप्सच्या साय बर्गरने 1960 मध्ये समुद्रात नेऊन टाकली होती, उरली ती थोडी म्हणून एवढी किंमत. माझ्या फ्लीअर सेटचं उलटं आहे, त्या काळात कार्डं इतकी प्रचंड छापली की आजही ढिगाने मिळतात. त्यांची किंमत येणार नाही हे मला माहीत आहे. ती बघण्यासाठीच आहेत, आणि बघायची तर पान उलटता आलं पाहिजे, नऊ कार्डं एकदम डोळ्यासमोर आली पाहिजेत. स्लॅबची चळत काढून कोणी अशी संध्याकाळ घालवत नाही.

जेफरसन बर्डिक या अमेरिकन कार्ड जमवणाऱ्याचं उदाहरण मला यासाठीच फार जवळचं वाटतं. त्याने 3 लाखांहून जास्त कार्डं आणि छापील वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिल्या, संधिवाताने हात जवळजवळ निकामी झालेले असताना स्वतः तिथे जाऊन अल्बममध्ये चिकटवत बसायचा, 1963 च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये गेला. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं ते प्रसिद्ध टी206 कार्ड पण त्यात आहे, आणि टी206 हे त्या सिरीजचं नाव सुद्धा त्याच्याच कॅटलॉगमधलं. डिंकाने चिकटवणं आज कोणी करणार नाही, करूच नका, पण कार्डं पानांवर क्रमाने लावायची असतात हे त्याला पक्कं कळलं होतं.

198 ला 9 ने भागलं की बरोबर 22. म्हणजे या अल्बममध्ये माझा सेट 11 पानांच्या दोन्ही बाजूंना बसतो आणि शेवटी एकही खिसा रिकामा राहत नाही. शेवटचं कार्ड शेवटच्या खिशात सरकवलं तेव्हा मी मिनिटभर नुसती बघत बसले. उरलेल्या 9 पानांवर फुटबॉलची कार्डं लावतेय, क्लबप्रमाणे, त्यात अजून गॅप आहेत.

26 नंबरचं चांगलं कार्ड मी नंतर वेगळं घेतलं. ते टॉपलोडरमध्ये आहे. अल्बममध्ये दुसऱ्या पानाच्या पुढच्या बाजूला, खालच्या ओळीत मधे, शाई गेलेलं दादाचंच लावलंय.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक मार्क काळ्या थरासाठी कापला. पारदर्शक पानांचा, असाच शिवलेला, बाजूला तोंड असलेला आणि पीव्हीसी नसलेला अल्बम कोणी वापरत असेल तर प्लीज मटेरियलसकट कळवा, मी लगेच घेईन.