घाट, साडी आणि दप्तराचं ओझं: ज्युपिटर ११० चालवून पाहिली

साताऱ्यात स्कूटर घेणाऱ्याने ती पोवई नाक्यावर चालवून बघू नये. सरळ समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटाला लावावी. शोरूमवाले चाचणीला गाडी देतात ती पुढच्या चौकापर्यंत नि परत, आणि तेवढ्या सपाट, गुळगुळीत रस्त्यावर कोणतीही नवी गाडी छानच वाटते. माझी शाळा घाट चढून वर, कासच्या रस्त्यावरून थोडी आत आहे. जिल्हा परिषदेची शाळा, म्हणजे सकाळी वेळेत पोचणं आलं, पावसाळा असो की धुकं. त्यामुळे माझ्यासाठी स्कूटरची परीक्षा एकच: साडी नेसलेली बाई, मागे दुसरी बाई, डिक्कीत रेनकोट नि डबा, पायाशी वह्यांचा गठ्ठा, एवढं घेऊन ती रोज न कुरकुरता वर जाते का आणि उतरताना हाताला दिलेला शब्द पाळते का.

माझ्या भाचीने टीव्हीएसची नवी ज्युपिटर ११० घेतली, डिस्क ब्रेकवाली. तिला प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जायचं होतं, तेव्हा गाडी माझ्याकडे आली आणि मी ती अगदी माझ्या गाडीसारखी वापरली. पावसाळ्याचा शेवट होता. कासच्या फुलांचा हंगाम म्हणजे घाटात पर्यटकांच्या मोटारींची रांग, वळणावर चढात थांबा, पुन्हा निघा. स्कूटरसाठी याहून खडतर परीक्षा आमच्या भागात तरी नाही.

आधी इंजिनाबद्दल. ज्युपिटर पहिल्यांदा आली २०१३ मध्ये, तेव्हा तिचं इंजिन १०९.७ सीसीचं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या या नव्या गाडीचं ११३.३ सीसीचं आहे. कागदावरचा हा फरक किरकोळ. खरी गंमत सेल स्टार्टरच्या जागी बसवलेल्या यंत्रात आहे. तेच इंजिन सुरू करतं, तेच चालू गाडीत बॅटरी चार्ज करतं आणि ॲक्सिलरेटर जोरात पिळला की काही क्षण तेच मोटर बनून इंजिनाला मागून ढकलतं. कंपनी त्याला ‘आयगो असिस्ट’ म्हणते. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ९.२ न्यूटन मीटरवरून ९.८ वर जातो. आकडा ऐकून कुणालाही वाटेल, एवढ्याने काय होणार! पण चढावर, वळणात, पुढच्या मोटारीमुळे पूर्ण थांबून पुन्हा निघताना गाडीला जो पहिला जोर लागतो, नेमका तिथे हा हात मिळतो. माझ्या जुन्या स्कूटरवर अशा ठिकाणी मागच्या बाई पाय खाली टेकवायच्या. इथे त्यांना तशी गरज पडली नाही.

मात्र ही मदत काही सेकंदांचीच. लांबलचक चढावर डबलसीट असाल तर ही ११० सीसीचीच गाडी आहे आणि तिचा वेगही ११० सीसीच्या गाडीचाच राहतो. घाटाच्या तीव्र भागात दोघी असताना काटा तिशीच्या जवळपास रेंगाळतो, आवाज चढतो, मागून जीपवाला हॉर्न वाजवतो. वाजवू दे. घाटात स्कूटरने याहून जोरात जावं असं मला वाटतही नाही. पण ज्यांना रोज दोघांनी घाट चढायचा आहे आणि हातात पैसे थोडे जास्त आहेत, त्यांनी १२५ सीसीची गाडीही त्याच रस्त्यावर चालवून मगच ठरवावं. एकट्याने जाणाऱ्याला हे इंजिन पुरून उरतं.

स्कूटरने घाट उतरण्याबद्दल आमच्याकडे फार गैरसमज आहेत, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. पेट्रोल वाचवायला बरेच जण यवतेश्वरच्या मंदिरापासून इंजिन बंद करून गाडी सोडून देतात. कृपा करून हे करू नका. स्कूटरला गिअर नसतात, पट्ट्यावर, म्हणजे बेल्टवर चालणारी यंत्रणा असते आणि तिचा क्लच इंजिनाच्या फेऱ्यांवर धरतो-सोडतो. इंजिन बंद पडलं की क्लच सुटतो आणि उतारावरचा सगळा भार दोन ब्रेकांवर येतो. इंजिन चालू असलं तरी वेग अगदी कमी झाला की तो सुटतोच, गाडी एकदम हलकी होऊन पुढे पळाल्यासारखी वाटते. अशा वेळी ॲक्सिलरेटर किंचित द्यायचा, क्लच धरतो, मग पुन्हा सोडला की इंजिनाचा रोध मिळतो. एकदा सवय लागली की हाताला आपोआप कळतं. ज्युपिटरवर हा रोध मला पुरेसा जाणवला. ब्रेक अधूनमधून दाबत, सोडत उतरलं की ते तापत नाहीत.

ब्रेकचं बोलायचं तर पुढे २२० मिलिमीटरची डिस्क, मागे १३० चा ड्रम. डाव्या हाताचा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना अशी जोडब्रेकची सोय २०१९ पासून सक्तीची आहे, त्यामुळे त्यात कंपनीचं वेगळं कौतुक नको. डिस्कचं मात्र करायला हवं. ओल्या घाटात, पालापाचोळा साचलेल्या वळणावर, दोन बोटांनी दाबून वेग हवा तेवढाच कमी करता येतो, मूठ आवळावी लागत नाही. ड्रमवाली स्वस्त पडते हे खरं. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला ती चालेल. ज्याच्या रोजच्या रस्त्यात घाट आहे त्याने डिस्कचे पैसे वाचवू नयेत, माझं हे मत ठाम आहे.

आता चाकं. दोन्ही बारा इंची. साधी वाटणारी ही गोष्ट खड्ड्यात कळते. आमच्याकडे सगळ्यात जास्त दिसणाऱ्या ॲक्टिव्हाचं मागचं चाक अजूनही दहा इंची आहे. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि मागे बसलेल्याचं कंबरडं ते सांगतं. कासच्या रस्त्यावर पावसाने कडा खाल्लेल्या असतात, डांबर आणि माती यांच्यात टप्पा पडलेला असतो. समोरून बस आली की खाली उतरावंच लागतं. तिथे ही गाडी डगमगत नाही. पेट्रोलची टाकी सीटखाली नसून पायाखालच्या फळीखाली असल्याने वजन खाली नि मध्यावर राहतं, हेही त्यामागे आहे. गावातल्या उंच गतिरोधकांवर पोट घासेल अशी मला धास्ती होती. जमिनीपासून १६३ मिलिमीटर अंतर आहे, डबलसीट असताना गतिरोधक तिरके घेतले आणि कुठे घासलं नाही.

टाकी पायाखाली गेल्यामुळे जी सोय झाली आहे तिच्याबद्दल पुरुष समीक्षक एका ओळीत लिहून पुढे जातात. मी नाही जाणार. पेट्रोल भरायचं झाकण पुढे, हँडलच्या खालच्या भागात आहे आणि ते किल्लीनेच उघडतं. म्हणजे पंपावर गाडीवरून उतरायचं नाही, मागच्या बाईंना उतरवायचं नाही, पायाशी ठेवलेला गठ्ठा हलवायचा नाही, सीट उचलून डिक्कीतल्या डब्या-रुमालांचं प्रदर्शन मांडायचं नाही. पावसात तर सीट उघडली की आतलं सगळं भिजायचं. साडीत, भरल्या गाडीवर, रांगेत मागचा माणूस घाई करत असताना ही सोय काय मोलाची आहे ते रोज करणारीलाच ठाऊक. २०२१ मध्ये आलेल्या ज्युपिटर १२५ मध्ये कंपनीने हे आधी आणलं होतं, आता एकशेदहामध्येही दिलं याचा मला मनापासून आनंद आहे. टाकी ५.१ लिटरची आहे. कासच्या पुढे बामणोलीकडे निघालात तर साताऱ्यातच भरून घ्या.

सीटखालची जागा ३३ लिटर, दोन हेल्मेट मावतील असं कंपनी सांगते. मी उघड्या तोंडाची दोन ठेवून पाहिली, बसली. माझं मात्र एकच हेल्मेट असतं. उरलेल्या जागेत रेनकोट, डबा, पाण्याची बाटली आणि मंडईतून परत येताना घेतलेली मेथीची जुडी न चुरगळता येते. पायाखालची फळी सपाट आहे, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नीट राहतो आणि वर पाय ठेवायला जागाही उरते.

माझी उंची पाच फूट एक इंच. सिग्नलला दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाचा नाही. गाडी साधारण १०५ किलोची, त्यामुळे शाळेच्या चढत्या आवारात मागे ओढताना दम लागत नाही. सीट लांब आहे. मागच्या बाई माझ्यापेक्षा अंगाने भरलेल्या, त्या एका बाजूला पाय सोडून बसतात, तरी मला पुढे सरकून हँडलला चिकटावं लागलं नाही.

ॲव्हरेजचा प्रश्न सगळेच विचारतात, कारण पेट्रोल शंभरीच्या वर आहे. टाकी काठोकाठ भरून, चालवून, पुन्हा काठोकाठ भरून मोजलं. घाट आणि डबलसीट धरून लिटरला चाळीसच्या थोडं वर, शहरात एकटीने पन्नाशीच्या आसपास. सिग्नलला थांबलं की इंजिन आपोआप बंद होतं नि मूठ पिळली की आवाज न करता सुरू होतं. पोवई नाक्याला २०२१ पासून भुयारी रस्ते झाल्याने थांबे कमी झालेत, त्यामुळे साताऱ्यात यातून फार पेट्रोल वाचेल असं नाही. पुण्या-मुंबईत वाचेल.

फोन जोडणं, वळण दाखवणं, आवाजी सूचना असं बरंच काही स्क्रीनवर आहे. भाचीला ते आवडतं. मला त्यातली एकच गोष्ट रोज उपयोगी पडली: उरलेल्या पेट्रोलमध्ये अजून किती किलोमीटर जाता येईल तो आकडा. वळल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होतो तेही चांगलं. आमच्याकडे निम्मी वाहतूक चालू राहिलेल्या इंडिकेटरवर अंदाज बांधत चालते.

माझी आई लूनावर नोकरीला जायची. चढ आला की पेडल मारायची, तरी ती गाडी तिची स्वतःची होती आणि एसटीची वाट बघणं संपलं होतं, हे ती अजून अभिमानाने सांगते. स्कूटरचं मोल मी तिथूनच शिकले. गाडीने बाईला वेळेवर पोचवलं पाहिजे, मध्ये कुणाची मदत मागायला लावू नये.

देखभालीबद्दल माझ्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. “बाई, घाटातल्या गाडीचा बेल्ट नि रोलर लवकर झिजतात. पुस्तकात लिहिलंय तोवर थांबू नका, आधीच उघडून बघा.” चढताना पिकअप मंद वाटू लागला किंवा निघताना गाडी थरथरली तर तेच कारण असतं. बेल्ट घाटात तुटला तर कुणी काही करू शकत नाही, गाडी टेम्पोतच घालावी लागते.

किंमतीचं म्हणाल तर २०२४ मध्ये ही गाडी ७३,७०० रुपयांपासून सुरू झाली होती, शोरूमच्या भावाने. डिस्कवाली त्याहून महाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुने कोटेशन घेऊन जाऊ नका, नवं मागा. आणि ते कलमवार मागा. मी एका ठिकाणी विचारलं तर न मागितलेलं क्रॅश गार्ड, मॅट, सीटकव्हर आणि पॉलिश सगळं आधीच बेरजेत होतं. “यातलं सक्तीचं काय?” असं विचारल्यावर यादी अर्धी झाली. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, कायद्याने घ्यावाच लागतो, बाकीचा विमा तुम्ही बाहेरूनही घेऊ शकता. नव्या दुचाकीसोबत हेल्मेट देणं नियमातच आहे, ते मागून घ्या.

मी डिस्कवालीच घेणार आहे. दिवाळीच्या सुट्टीत नोंदणी करायची आणि शाळा उघडायच्या आत एमएच ११ ची पाटी लावून घ्यायची, असं ठरलं आहे.