मंदीतले पार्क: डिस्ने की सिक्स फ्लॅग्ज?

२००९ च्या मंदीत अमेरिकेतल्या डिस्ने आणि सिक्स फ्लॅग्ज या मनोरंजन पार्क चालवणाऱ्या दोन कंपन्यांकडे पाहिलं, तर गर्दी आणि कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लख्ख दिसतं.

डिस्नेचा पाहुणा बऱ्याचदा लांबून येतो, हॉटेलात राहतो. मंदीत अशी सहल आधी रद्द होते. म्हणून डिस्नेने सवलतींचा सपाटा लावला: वाढदिवशी प्रवेश मोफत, चार रात्रींच्या पैशांत सात रात्री. लोक आले, पण हात आखडता घेऊन. त्या आर्थिक वर्षात पार्क विभागाचं उत्पन्न सुमारे ७ टक्क्यांनी घटलं, तर नफा तब्बल २५ टक्क्यांच्या आसपास. राइड्स चालवायचा खर्च गर्दीगणिक फारसा कमी होत नाही, त्यामुळे उत्पन्नातली छोटी घटही नफ्याला मोठं भगदाड पाडते.

सिक्स फ्लॅग्जचं गणित उलटं. गाडीने सकाळी जाऊन रात्री घरी परतण्यासारखे पार्क. लांबची सहल परवडेना की लोक इकडे वळतात. कागदावर मंदीसाठी हाच धंदा बरा. तरी जून २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला तो यांनाच! कारण डोक्यावर सुमारे २.४ अब्ज डॉलरचं कर्ज. पार्क मात्र चालूच राहिले आणि मे २०१० मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली.

माझ्या मते धंद्याचं स्वरूप सिक्स फ्लॅग्जचं सरस, तिजोरी डिस्नेची.