फेऱ्यांची शर्यत की सरळ पल्ल्याची?

दिवाळी आटोपली की नाशिकच्या सायकलवाल्यांत एक प्रश्न दरवर्षी निघतो. यंदा शर्यत भरवायची तर रस्ता कुठला धरायचा? एका गावाहून निघून दुसऱ्या गावात संपणारी सरळ शर्यत करायची, की आठ-दहा किलोमीटरचा फेरा धरून त्यालाच पाच-सहा वेळा वळसा घालायचा? मी दोन्ही करून पाहिल्या आहेत. दोन वर्षं त्र्यंबक रस्त्यावर सरळ, त्यानंतर तीन वर्षं गिरणारेच्या बाजूला फेऱ्यांची. पुढे लिहिलंय ते एवढ्याच सकाळींच्या भरवशावर. तुमचा रस्ता वेगळा असेल, माणसं जास्त असतील, तर तुमचा हिशेब वेगळा निघू शकतो.

परवानगी, विमा, रुग्णवाहिका यांत दोन्हीकडे फरक नाही, म्हणून ते सोडून देतो. हेल्मेटवर चर्चा नकोच. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह पडून दगावला आणि त्याच वर्षी मे महिन्यात यूसीआयने, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेने, हेल्मेट सक्तीचं केलं. आपल्याकडेही ज्याच्या डोक्यावर नाही, त्याला सुरुवातीच्या रेषेवरूनच परत पाठवायचं.

सरळ शर्यतीची ओढ मला पूर्ण समजते. आपलं शहरच लांब पल्ल्याचं कौतुक करणारं. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली, तेव्हापासून इथल्या पोरांच्या डोक्यात अंतर म्हणजेच सायकलिंग बसलंय. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, आणि आपल्याकडेही गावं ओलांडत जाणारी शर्यत हवी हा आग्रह आणखी वाढला. आमची शर्यत महिरावणीच्या पुढून सुटायची, अंजनेरीचा डोंगर डाव्या अंगाला घेत त्र्यंबकच्या अलीकडे पहिन्याकडे वळायची आणि घोटी रस्त्यावर संपायची. पन्नासच्या आतलं अंतर. सकाळचं धुकं डोंगरावरून उतरत असायचं, शाळेतली मुलं रस्त्याकडेला उभी राहून टाळ्या वाजवायची. त्या दोन सकाळी मला आजही आठवतात. फेऱ्यांच्या शर्यतीत ते सुख नाही.

अडचण सुरू होते ती घोळका फुटल्यावर. पुढचे गडी ताशी छत्तीसच्या वेगाने, मागचे बावीसच्या. शेवटाला पहिल्या आणि शेवटच्या सायकलीत पन्नास मिनिटांचं अंतर पडतं. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत चालता बंदोबस्त असतो. शर्यतीच्या पुढे रस्ता बंद होत जातो, मागे मोकळा होत जातो, आणि मोटारसायकलवरचे मार्शल एक नाका सांभाळून झाला की घोळक्याला ओलांडून पुढचा नाका गाठतात. तिथेही हे काम धोक्याचंच आहे. मार्च २०१६ मध्ये गेंट-वेवेलगेम शर्यतीत आंत्वान देमोआतिए पडला आणि शर्यतीतल्याच मोटारसायकलची धडक बसून त्याचा जीव गेला. आपल्याकडे दहा-बारा हौशी पोरांच्या हाती मोटारसायकली देऊन त्यांना घोळक्याशेजारून पळवणं मला पहिल्या वर्षीही पटलं नव्हतं. म्हणून आम्ही प्रत्येक फाट्यावर माणूस उभा केला. त्र्यंबक रस्त्याला फाटे, हॉटेलं, शेतांचे रस्ते इतके की माणसं पुरली नाहीत. पन्नास मिनिटं वाहनं अडवून धरणं तर पोलिसांनाही जमत नाही. म्हणजे मागच्या, दमलेल्या सायकलस्वारांना शेवटी वाहत्या रस्त्यावरच सोडलं जातं. जे सगळ्यात नवखे, त्यांनाच सगळ्यात कमी संरक्षण.

यावर कुणी म्हणेल, फेऱ्यांची शर्यत तरी कुठे निर्धोक असते? बरोबर आहे. २००९ च्या जिरो द'इतालियात, म्हणजे इटलीतल्या अनेक टप्प्यांच्या शर्यतीत, १६ मे रोजी पेद्रो ऑरियो घाट उतरताना दरीत कोसळला आणि सुदैवाने वाचला. दुसऱ्याच दिवशी मिलान शहरात फेऱ्यांचा टप्पा होता. रस्त्यात ट्रामचे रूळ, कडेला उभ्या गाड्या. सायकलस्वारांनी वेग धरायलाच नकार दिला आणि त्या दिवशीचा वेळ एकूण क्रमवारीत धरला गेला नाही. एक धोका दरीचा, दुसरा शहराचा, आणि दोन्ही चोवीस तासांत. फेरा घेतला की काम झालं, असं नाही. फेऱ्याचा रस्ता निवडून घ्यावा लागतो.

आमचा फेरा नऊ किलोमीटरचा. निवडताना एक गोष्ट पाळली, ती तुम्हीही पाळा: फेरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ठेवा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे सगळी वळणं डावीकडे येतात आणि समोरून येणाऱ्या वाहनाची वाट कापावी लागत नाही. फाटे अकरा होते. अकरा फाट्यांना बावीस माणसं मिळतात, आणि तीच माणसं सहाही फेऱ्यांना तिथेच असतात. दुसऱ्या फेरीपर्यंत त्यांना कळतं की कुठल्या वस्तीवरून दुधाची गाडी निघते, कुठलं कुत्रं अंगावर धावतं.

शेवटच्या रेषेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ती दोन्ही प्रकारांत येते आणि आपण तिच्याकडे कमानीपुरतंच बघतो. ५ ऑगस्ट २०२० ला टूर द पोलंडचा पहिला टप्पा कातोवित्सेला संपला. शेवट उतारावर होता, वेग ताशी ऐंशीच्या आसपास. डिलन ग्रुनेवेगन आपली सरळ वाट सोडून बाजूला सरकला, फाबियो याकोबसन कडेच्या बॅरिकेडवर आदळला आणि बॅरिकेड उडाली. याकोबसनला कृत्रिम कोमात ठेवावं लागलं. ग्रुनेवेगनवर नऊ महिन्यांची बंदी आली. चूक त्याची होतीच, पण उतारावर शेवट ठेवणारे आणि तशा बॅरिकेड लावणारे वेगळे होते. याकोबसन पुढच्याच वर्षी स्पेनच्या व्हुएल्ता शर्यतीत तीन टप्पे जिंकला, हे त्याचं मोठेपण. आपल्याला मिळणाऱ्या लोखंडी बॅरिकेडचे पाय रस्त्यात येतात, चाक त्यातच अडकतं. आम्ही शेवटच्या दोनशे मीटरला त्या लावत नाही. माणसांसाठी दोरी, ती रस्त्यापासून चांगली मागे, आणि विजेच्या खांबांना भाताच्या पेंढ्याची पोती बांधतो. नोव्हेंबर-डिसेंबरात गिरणारे-हरसूलकडे पेंढा मागाल तेवढा मिळतो. शेवट नेहमी हलक्या चढावर. सरळ शर्यतीत हे सगळं सामान सुरुवातीपासून पन्नास किलोमीटर लांब नेऊन मांडावं लागतं. फेऱ्यात सुरुवात-शेवट एकच, आणि डॉक्टरही तिथेच बसतात.

तरीही या सगळ्यामुळे मी निर्णय बदलला नसता. बदलला तो एका नंबरामुळे.

पहिल्या वर्षी घोटी रस्त्यावर शेवटची गाडी आली तेव्हा वहीत एक नंबर कमी होता: ५३. एकोणीस वर्षांचा मुलगा. मागून येणाऱ्या गाडीतल्यांना विचारलं, तर त्यांना तो दिसलाच नव्हता. फॉर्मवरचा मोबाइल लावला आणि आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांच्या खिशात फोन वाजला. ते त्याचे वडील. म्हणाले, "त्याचा फोन माझ्याकडेच आहे. का हो, काय झालं?"

मी आणि आणखी एक जण मोटारसायकलवर उलटे निघालो. पहिन्याच्या रस्त्याला जिथे जिथे उतार आणि वळण आहे तिथे थांबायचं, कडेला जाऊन खाली बघायचं, नावाने हाक मारायची. कारवीच्या झुडपांत काही रंगीत दिसलं की छाती धडधडायची. तासाभराने फोन आला. मुलगा घरी पोहोचला होता. पायात गोळे आले, ओळखीचा पिकअप दिसला, सायकल टाकली आणि गेला. त्याची चूक म्हणता येणार नाही. शर्यत सोडताना नंबर कुणाकडे द्यायचा, हे आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. मोठ्या शर्यतीत सोडणाऱ्याचा नंबर मागच्या गाडीतले अधिकारी काढून घेतात, हे मला माहीत होतं. आपल्याकडेही ते लागेल, हे सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षी पत्रकात छापलं, सुरुवातीला माइकवर दोनदा सांगितलं. तरी दोन नंबर राहिले. एक चहाच्या टपरीमागे बसलेला, एक दुसऱ्याच फाट्याने वळलेला. वीस मिनिटांत सापडले, पण त्या वीस मिनिटांत मी मनाशी ठरवून टाकलं. मागची गाडी फक्त रस्त्यावरचा माणूस बघते. रस्त्याखाली पडलेला तिला दिसत नाही.

फेऱ्यात प्रत्येक वळशाला मोजणी होते. एक जण नंबर मोठ्याने वाचतो, दुसरा लिहितो, तिसरा मोबाइलवर चित्रण करत राहतो. पुढचा गडी पंधरा मिनिटांत परत दिसतो, मागचा पंचवीस मिनिटांत. नाही दिसला तर शोधायचा रस्ता नऊच किलोमीटरचा, आणि त्यावर माणसं आधीच उभी. गेल्या तीन वर्षांत एकदाच नंबर चुकला. एक मुलगी पंक्चर होऊन सातव्या फाट्याजवळ उभी होती, आणि आम्ही विचारायच्या आत तिथल्या मार्शलनेच कळवलं.

इथेही प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. २६ सप्टेंबर २०२४ ला झुरिचमध्ये जागतिक स्पर्धेत, मुलींच्या ज्युनियर शर्यतीत, अठरा वर्षांची म्युरिएल फुरर पावसात जंगलातल्या उतारावर पडली. बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. यजमान देशाचीच मुलगी, घरच्या रस्त्यावर, जगातली सगळी यंत्रणा हाताशी असताना. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिन्याचा रस्ता आठवला आणि त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या वर्षी किगालीच्या जागतिक स्पर्धेत सगळ्या सायकलस्वारांना जीपीएस दिलं गेलं. आपल्याला ते परवडेल तेव्हा परवडेल. तोवर रेषेवरची मोजणी एकटी पुरत नाही. झाडीतल्या प्रत्येक वळणावर, आधीचा आणि पुढचा माणूस दिसेल असा माणूस उभा हवा. नऊ किलोमीटरला ते आवाक्यात आहे. पन्नासला मला तरी जमलं नाही.

फेऱ्यात खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मागे पडलेला सायकलस्वार पुढच्या घोळक्यात सापडला की शेवटच्या झटापटीत गोंधळ होतो, म्हणून त्याला थांबवावं लागतं. मालेगावहून पहाटे निघून आलेल्या माणसाला तिसऱ्या फेरीत बाहेर काढताना वाईट वाटतं. आम्ही आता नवख्यांची वेगळी तीन फेऱ्यांची शर्यत आधी घेतो. दुसरं म्हणजे फेऱ्याच्या आत अडकलेल्या वस्त्या. त्यांना दोन तास बाहेर पडता येत नाही असं वाटलं तर पुढच्या वर्षी गाव उभं करणार नाही, आणि ते रास्तच आहे. आदल्या आठवड्यात घरोघर जाऊन वेळ सांगा, आणि आजारी माणसासाठी शर्यत थांबवायची तयारी ठेवा. फेरा एका जागी अडला की सगळी शर्यतच अडते. २०२५ च्या व्हुएल्ताचा माद्रिदमधला शेवटचा टप्पा निदर्शनांमुळे पुराच करता आला नव्हता.

तुमच्याकडे पन्नास-साठ जाणती माणसं असतील, पोलिसांची पूर्ण साथ असेल आणि रस्त्याला फाटे कमी असतील, तर सरळ शर्यत जरूर करा, मी बघायला येईन. त्र्यंबक रस्ता धरणार असाल तर आधी पंचांग बघा. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा असते आणि तिच्या आधीचे काही दिवस रस्ता दिंड्यांचा असतो. दिंडोरी-निफाडकडे जाणार असाल तर जानेवारीच्या पुढे द्राक्षांचे ट्रॅक्टर आणि पिकअप पहाटेपासून सुरू होतात आणि शेतरस्त्यांच्या तोंडाशी चिखल सांडलेला असतो.

आणि प्रत्येकाच्या फॉर्मवर दोन मोबाइल नंबर घ्या. दुसरा नंबर त्या दिवशी शर्यतीला न येणाऱ्या माणसाचा हवा.